जुनं स्वयंपाकघर आणि हाताशी पंधरा हजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची इमारत पुण्यातली, 1991 सालची. स्वयंपाकघर आठ बाय नऊ फुटांचं. कडप्प्याचा ओटा, त्यामागे दोन फूट पांढऱ्या टाइल्स, वर ऑइल पेंट आणि ओट्याखाली सनमायका लावलेली लाकडी दारं. तेहतीस वर्षांच्या फोडण्यांनी सगळं पिवळट झालं होतं. 2024 च्या डिसेंबरात मी, नवरा आणि सासूबाई अशा तिघांनी मिळून ते दुरुस्त केलं. जिथे जमणार नव्हतं तिथे माणूस बोलावला, बाकी सगळं हातानं. तेव्हापासून शेजारणी, नणंदा, ऑफिसातल्या मैत्रिणी तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

एकूण खर्च किती आला? कुठे गेला?

15,100 रुपये. सगळ्यात जास्त, 3,100, रंगकामाला: लांबी (पुट्टी), प्राइमर, रंग, ब्रश, रोलर. सिंकचा नळ, खालचा वेस्ट पाइप आणि सिलिकॉन मिळून 2,350. खिडकीतला एक्झॉस्ट पंखा 2,000. सनमायकाची एक शीट आणि ती चिकटवायचं अ‍ॅधेसिव्ह 1,900, बिजागऱ्या आणि मुठी 1,700. दोन एलईडी बॅटन आणि वायरमनची मजुरी 1,500. प्लंबरला एका फेरीचे 1,200. टाइल्समधल्या रेघा भरायला 900. आणि सोडा, घासण्या, हातमोजे, पॉलिश पेपर यांना फक्त 450.

हे आकडे आमच्या घराचे. तुमच्याकडे दारं जास्त असतील तर सनमायका वाढेल, सिंक बदलायचं असेल तर आणखी वाढेल. पण एक गोष्ट सगळीकडे खरी ठरेल असं मला वाटतं. सगळ्यात मोठा फरक त्या 450 रुपयांनी आणि 1,500 रुपयांच्या उजेडानं पडला. घरात आलेली माणसं रंगाचं कौतुक करतात, पण त्यांना दिसतो तो स्वच्छपणा आणि उजेड.

सुरुवात कुठून करायची?

स्वयंपाक करणाऱ्या माणसाला ओट्याशी उभं करून. हे मी मनापासून सांगते, कारण आम्ही आधी उलटं केलं होतं. मी आणि नवरा रंगाची कार्डं घेऊन बसलो होतो. सासूबाई म्हणाल्या, "रंग कुठलाही द्या, पण मला कणीक मळताना दिसत नाही, आणि तेलाची बरणी काढायला रोज वाकावं लागतं." तेवढ्यात सगळ्या कामाचा क्रम ठरला.

एक दिवस नुसतं बघा. सकाळच्या पोळ्या, डबे, संध्याकाळचं कुकर लावणं, भांडी घासणं. हात कुठे जातो, कुठे अडतो, कुठे दोन माणसांची धडक होते ते लिहून काढा. मग सगळं बाहेर काढा, अगदी माळ्यावरच्या पितळी पातेल्यापर्यंत. आमच्याकडे स्टीलचे 61 डबे निघाले आणि त्यातले 19 रिकामे होते. ते दिल्यावर एक आख्खा कप्पा मोकळा झाला. नवी ट्रॉली घेण्याचा विचार तिथेच संपला.

त्यानंतर घासणं, मग पाण्याची कामं, मग वीज, मग भिंती, मग दारं. हा क्रम मोडू नका. रंग दिल्यावर प्लंबर आला की रंग पुन्हा द्यावा लागतो.

भिंतीवरचा, दारांवरचा मेणचट थर कशानं निघतो?

धुण्याच्या सोड्यानं. खाण्याचा सोडा नव्हे, तो सौम्य असतो. साधारण पाच लिटर कडकडीत पाण्यात धुण्याच्या सोड्याचे तीन मोठे चमचे आणि थोडं भांड्यांचं लिक्विड घाला. जुना टॉवेल त्यात भिजवून पिळा, दारावर दहा मिनिटं चिकटवून ठेवा, मग घासा. तो थर म्हणजे वाफेबरोबर उडालेलं आणि हवेनं घट्ट झालेलं तेल. सोडा त्याचा साबण करतो, म्हणून ते पाण्यानं निघतं. शेवटी साध्या पाण्यानं दोनदा पुसा, नाहीतर वाळल्यावर पांढरी पूड दिसते.

हातमोजे घालाच, सोड्यानं कातडी सोलवटते. अ‍ॅल्युमिनियमला सोडा लावू नका, म्हणजे खिडकीच्या सरकत्या चौकटी, जुनी पातेली. काळी पडतात. आणि ब्लीचिंगचं पाणी आणि टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. छोट्या स्वयंपाकघरात तो जीवावर बेतू शकतो.

आम्ही शेगडीमागचा एक हातभर तुकडा नीट घासला नव्हता. "वरून रंग बसेल" असं वाटलं. तीन आठवड्यांत तिथला रंग पापुद्र्यासारखा सुटला आणि तेवढी भिंत पुन्हा खरवडावी लागली. ओशट जागेवर जगातला कुठलाही रंग धरत नाही.

कडप्प्याचा ओटा पांढुरका पडला आहे. ग्रॅनाइट बसवावा का?

आधी कडप्पा का पांढरा पडतो ते बघा. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे, शहाबादी फरशीच्याच जातीचा. लिंबू, चिंच, व्हिनेगर, दही, टॉयलेट क्लीनर यांतलं आम्ल त्याला खातं. म्हणून चिंचेचा कोळ सांडला की तिथे फिक्कट डाग उरतो. तो डाग वरून लागलेला नसतो, दगडच झिजलेला असतो. घासून तो जाणार नाही. माझ्या हातून हेच झालं होतं. नळाच्या बुडाशी साठलेले पांढरे क्षार काढायला मी लिंबू पिळलं आणि ओट्यावर तळहाताएवढा फिका ओघळ उमटला.

उपाय दगडाच्या वरच्या थरावरच करावा लागतो. वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरायचा पॉलिश पेपर, पाण्यात भिजवून आधी 220 नंबरचा, मग 400 चा, मग 600 चा, असा गोल गोल फिरवायचा. आठ फुटी ओट्याला आम्हाला एक सबंध रविवार लागला. हात भरून येतात, पण काळा रंग परत येतो. पूर्ण वाळल्यावर, म्हणजे किमान एक दिवसानं, दगडाचं सीलर लावा किंवा अगदीच हात आखडता असेल तर फडक्यानं खोबरेल तेलाचा पातळ हात द्या. तेल दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लावावं लागतं. सीलर जास्त टिकतं.

ग्रॅनाइट कडप्प्यावरच बसवता येतो आणि ओटा फोडायची गरज नसते. पण हे काम गवंड्याचं. 18 मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचं वजन दर चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास भरतं, म्हणजे आठ बाय दोनच्या ओट्याला 70 किलोच्या वर. शिवाय सिंकसाठी कापणं, कड गोल करणं हे घरी होत नाही. ओट्याची उंची पाऊण इंचानं वाढते हेही ध्यानात घ्या. आमच्या सासूबाई पाच फुटांच्याही आत आहेत, त्यांना ती वाढ जड गेली असती. उंचीचा माझा सोपा हिशेब असा: ओट्याशी उभं राहून कोपर वाकवा, कोपरापासून ओटा चार ते सहा इंच खाली असला तर चिरताना, लाटताना खांदे भरून येत नाहीत.

ओट्याला तडा गेला असेल, तो हलत असेल, तर मात्र घासत बसू नका. गवंडी बोलवा.

टाइल्स फोडायच्या का?

रुपयानं टाइलवर टकटक करा. भरीव आवाज आला तर टाइल पक्की आहे, पोकळ आला तर मागे हवा आहे. दहातल्या आठ-नऊ भरीव असतील तर हात लावू नका. जुन्या पांढऱ्या टाइल्स कंटाळवाण्या वाटतात त्याचं कारण बहुतेक वेळा टाइल नसतेच. मधल्या रेघा काळ्या झालेल्या असतात.

रेघांतलं जुनं व्हाइट सिमेंट हॅक्सॉच्या पात्यानं दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडा. सगळी धूळ ब्रशनं काढा, ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या. मग एपॉक्सी ग्राउट, म्हणजे रेघांत भरायचं राळेचं मिश्रण, भरा. व्हाइट सिमेंट स्वस्त, पण ते हळद पितं. एपॉक्सी पीत नाही. फक्त ते थोडं थोडं कालवायचं, एका वेळी दीड-दोन फूट भाग घ्यायचा आणि अर्ध्या तासाच्या आत टाइलवर लागलेलं ओल्या स्पंजनं पुसायचं. एकदा कडक झालं की टाइलवरची झाक निघता निघत नाही. आम्ही पांढऱ्याऐवजी राखाडी रंग घेतला आणि त्याच टाइल्स नव्यासारख्या दिसू लागल्या.

ओटा आणि टाइल्स जिथे मिळतात त्या सांदीत ग्राउट नको, सिलिकॉन हवं. ओटा किंचित हलतो, ग्राउट तिथे तडकतं. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, सिलिकॉनची धार सोडा, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच फिरवा आणि पट्टी ओली असतानाच काढा. चोवीस तास तिथे पाणी लागू देऊ नका.

टाइल्सवर लावायचे स्टिकर कसे आहेत?

शेगडीमागे नकोत. ते प्लास्टिकचे असतात, उष्णतेनं मऊ पडतात, कडा उचलतात आणि त्यात तेल शिरतं. सिंकमागे किंवा जेवणाच्या टेबलाजवळ हरकत नाही.

दिवसासुद्धा अंधार वाटतो. काय करावं?

संध्याकाळी ओट्याशी उभं राहा आणि स्वतःची सावली बघा. बहुतेक जुन्या घरांत ट्यूब आपल्या पाठीमागच्या भिंतीवर असते. स्वयंपाक करणाऱ्याची सावली नेमकी चिरायच्या पाटावर पडते. जास्त वॅटची ट्यूब लावली की सावली आणखी गडद होते, बाकी काही होत नाही.

दिवा डोक्याच्या पुढे हवा. आम्ही माळ्याच्या पुढच्या काठाखाली, ओट्याच्या बरोबर वर, चार फुटी एलईडी बॅटन लावली आणि सिंकवर दोन फुटी दुसरी. पिवळा आणि निळसर यांच्या मधला पांढरा प्रकाश घ्या, खोक्यावर 4000 के लिहिलेलं असतं. त्यात भाजी ताजी आहे की कोमेजलेली ते कळतं, कांदा किती लाल झाला ते कळतं. त्या संध्याकाळी सासूबाईंनी तांदूळ निवडायला घेतले आणि चष्मा न लावता निवडले. सगळ्या कामात मला सर्वांत जास्त समाधान त्या क्षणी झालं.

खिडकीची जाळीही काढून धुवा. आमच्या जाळीची निम्मी भोकं तेलानं आणि धुळीनं बुजली होती.

भिंतींना कोणता रंग द्यायचा? आधीच्या ऑइल पेंटवर चालतो का?

धुता येणारा इमल्शन. डिस्टेंपर स्वयंपाकघरात देऊ नका, ओल्या फडक्याबरोबर निघून येतो. ऑइल पेंटवर इमल्शन थेट दिलात तर तो धरणार नाही. आधी चकाकी घालवावी लागते.

इथे एक काळजी घ्या. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा घालणारे नियम केंद्र सरकारनं 2016 मध्ये केले आणि ते 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. कोरडा पॉलिश पेपर मारला तर त्याची धूळ घरभर होते, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसं फार वाईट. म्हणून भिंत ओली करून वॉटर पेपरनं घासा, मास्क लावा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवा. खाली प्लास्टिक पसरा. झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

मग भोकं आणि भेगा लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरा. वाळल्यावर 180 चा पेपर, प्राइमरचा एक हात, रंगाचे दोन हात. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ थांबा, घाई केली की रोलर पहिला हात ओढून आणतो. पाऊस असताना हे काम काढू नका. जुलै-ऑगस्टमध्ये भिंत वाळता वाळत नाही. दिवाळीच्या आधी रंगारी आणि वायरमन दोघंही सापडत नाहीत. दिवाळी झाल्यापासून मेपर्यंत केव्हाही करा.

भिंतीला ओल आहे. वॉटरप्रूफ रंग दिला तर?

ओल कुठून येते ते कळेपर्यंत रंगावर एक रुपया घालू नका. ओलसर जागेवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येते आहे: वरचं बाथरूम, भिंतीतला नळ किंवा बाहेरचा पाइप. बाहेरच्या बाजूला दव असेल तर ती स्वयंपाकाची वाफ आहे, तिला पंखा पुरतो. वरच्या मजल्यावरून गळत असेल तर सोसायटीला लेखी कळवा आणि ते दुरुस्त झाल्यावर भिंत महिनाभर उघडी ठेवा.

दारं बदलायची की सनमायका?

दारावर बोटांनी ठोका. टणक वाजलं, स्क्रू धरत असला, कडा फुगलेल्या नसल्या तर दार चांगलं आहे. पोकळ वाजलं किंवा बारीक माती गळली तर वाळवी असेल, तेव्हा त्यावर सनमायका लावणं म्हणजे पैसे वाया.

जुना सनमायका घट्ट असेल तर काढायची गरज नाही. 80 नंबरच्या पेपरनं खरखरीत करा, पुसा, त्यावरच नवा लावा. शीट आठ बाय चार फुटांची येते. आमची दारं 16 बाय 22 इंचांची. लाकडाच्या उभ्या रेघांचं डिझाइन घेतलं असतं तर एका शीटमध्ये आठ दारं बसत होती. साधा रंग घेतल्यामुळे तुकडे आडवे फिरवता आले आणि दहा बसली. शीट घ्यायच्या आधी वर्तमानपत्रावर कापून बघा, आमची दहाच दारं होती म्हणून एक शीट वाचली. प्रत्येक तुकडा दारापेक्षा पाव इंच मोठा कापायचा आणि चिकटल्यावर कानसीनं कड दारासरसी करायची.

अ‍ॅधेसिव्ह दोन्ही बाजूंना लावायचं, दाराला आणि सनमायकाच्या पाठीला. बोट लावल्यावर चिकटेनासं होईपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं, थांबायचं. मग एका कडेपासून टेकवत जायचं. एकदा टेकलं की सरकत नाही, म्हणून दोघं हवेत. त्याची वाफ पेट घेते. हे काम गॅलरीत करा. घरात करावंच लागलं तर गॅस, देवाचा दिवा, उदबत्ती सगळं बंद आणि खिडक्या उघड्या.

लटकणारी दारं बहुधा बिजागरीमुळे लटकतात. स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर त्यात फेविकॉल लावलेल्या दोन-तीन आगपेटीच्या काड्या ठोका, वाळू द्या, वरून कापा आणि स्क्रू पुन्हा बसवा. आमच्या दहा दारांपैकी चार एवढ्यानंच सरळ झाली. नव्या बिजागऱ्या घेताना जुनी सोबत न्या. दिसायला सारख्या असल्या तरी वाक वेगळा असतो, आणि चुकीच्या वाकाची आणली तर दार कपाटावर नीट मिटत नाही.

सिंकखालचं कपाट फुगून सडलं आहे.

तिथे पुन्हा प्लाय लावू नका, पीव्हीसी बोर्ड लावा. पाणी पीत नाही. पण तोच बोर्ड शेगडीजवळ नको, उष्णतेनं वाकतो. आणि जड ट्रॉली त्यावर पेलू नका, स्क्रू प्लायइतके धरत नाहीत. बाकी कुठे प्लाय लागलाच तर त्यावर आयएस 710 चा शिक्का बघून घ्या, तो पाण्यात टिकणारा. आम्हाला एका दुकानात "तोच आहे" असं सांगून बिनशिक्क्याचा दाखवला होता.

अर्थात आधी गळती थांबवा. कोरडं वर्तमानपत्र पाइपाखाली पसरा आणि सिंक भरून एकदम सोडा. कागद कुठे भिजतो ते दिसेल. बहुतेक वेळा सिंकच्या तोंडाशी असलेल्या कपलिंगचा वायसर गेलेला असतो.

नळ स्वतः बदलता येतो का?

येतो, जर खाली अँगल कॉक, म्हणजे त्या नळाचं पाणी बंद करायचा छोटा कॉक, असेल आणि तो बंद होत असेल तर. आधी अँगल कॉक बंद करा, नळ सोडून पाणी थांबलं का ते बघा. जुना नळ काढा, आट्यांवरचा जुना दोरा-टेप खरवडा. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनं, आट्या आपल्याकडे तोंड करून धरल्या तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, दहा-बारा वेढे गुंडाळा. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना सुटत येते. पान्याखाली फडकं धरा म्हणजे चकाकीवर चरे पडत नाहीत.

नळ थेट भिंतीतून निघत असेल आणि पाइप जुना लोखंडी जीआयचा असेल, तर हात लावू नका. आतली आटी गंजलेली असते, जोर लावला की पाइप भिंतीतच तुटतो आणि टाइल फोडावी लागते. आमचा तसाच होता, म्हणून प्लंबरचे 1,200 दिले.

गॅस आणि विजेच्या कामाला कितपत हात लावावा?

विजेचा दिवा बदलण्यापलीकडे नाही. नवा पॉइंट परवानाधारक वायरमनकडूनच काढा. जुन्या घरांत 6 अँपिअरचे पॉइंट असतात. 230 व्होल्टला ते 1,380 वॅटपर्यंतच पेलतात. 2,000 वॅटची इंडक्शन साडेआठ अँपिअरहून जास्त ओढते. तिला 16 अँपिअरचा पॉइंट आणि जाड वायर वेगळी हवी. नुसता सॉकेट मोठा केला आणि वायर तीच ठेवली तर भिंतीतली वायर तापते. वायरमन आलाच आहे तर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. ओल्या हातांच्या खोलीत तो जीव वाचवतो.

गॅसचं सांगते, कारण कपाटं नवी करताना इथेच चूक होते. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. सिलिंडरच्या कपाटाला सुंदर घट्ट दार लावलं की गॅस आत कोंडतो. दाराला तळाशी जाळी किंवा मोठी भोकं ठेवाच. पाइपच्या गॅसचं उलटं असतं. तो हलका, वर जातो, तेव्हा त्याला वरून वाट हवी, आणि त्याचा पाइप किंवा मीटर कपाटात बंद करू नका, हलवूही नका. ते काम कंपनीच्या माणसाचं.

शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंचावर, सिलिंडर उभा. सुरक्षा होज, म्हणजे सिलिंडरपासून शेगडीपर्यंतची रबरी नळी, दर पाच वर्षांनी बदला, त्यावर तारीख छापलेली असते. सगळं काम झाल्यावर जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघा. वास आला तर कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन 1906 या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन करा.

चिमणी घ्यावी की एक्झॉस्ट पंखा?

बजेट पंधरा हजार असेल तर पंखा. चिमणीचा धूर पाइपानं बाहेर जात नसेल तर ती बहुतांश वाफ आणि उष्णता घरातच फिरवते. खिडकीत वरच्या बाजूला, शेगडीच्या जितकं जवळ जमेल तितकं, नऊ इंची धातूचा पंखा बसवा. फोडणी टाकायच्या आधी लावा आणि स्वयंपाक झाल्यावर दहा मिनिटं चालू ठेवा. समोरचं दार थोडं उघडं हवं, बाहेरून हवा आत आलीच नाही तर पंखा ओढणार काय?

आम्ही रत्नागिरीला राहतो. स्टीलसुद्धा गंजतं.

खाऱ्या हवेत 202 ग्रेडचं स्टील तांबेरतं. 304 घ्या. दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात, पण 202 आणि 304 दोन्हींना चुंबक चिकटत नाही, त्यामुळे त्यानं काही सिद्ध होत नाही. वस्तूवरचा शिक्का बघा, बिलावर ग्रेड लिहून घ्या. जाळ्यांच्या ट्रॉल्यांपेक्षा उघडे कप्पे करा, ते पुसता येतात. हेच मालवणला आणि गोव्यात राहणाऱ्यांनाही लागू.

घर भाड्याचं आहे.

घासणं, उजेड, मुठी, सिलिकॉन, बिजागऱ्या एवढं केलंत तरी पुष्कळ. जुन्या मुठी पिशवीत भरून ठेवा, जाताना परत लावा. दिवा प्लगवर चालणारा घ्या. भिंतीला भोक पाडायच्या आधी मालकाला मेसेज करून होकार लेखी घ्या. अकरा महिन्यांच्या करारासाठी सनमायकावर खर्च करू नका, तो मालकाच्या घराला लागेल.

सोसायटीची परवानगी लागते का?

वर लिहिलेल्यातल्या कशालाच भिंत पाडावी लागत नाही, तरी ठोकाठोकीच्या वेळा सेक्रेटरींना विचारून घ्या. भिंत, बीम, कॉलम यांना धक्का लावायचा असेल किंवा सिंकची जागा हलवायची असेल तर लेखी परवानगी आणि इंजिनिअर दोन्ही हवेत. तुमच्या नव्या सिंकचं पाणी खालच्यांच्या हॉलच्या छतावर उतरू शकतं.

सामान कुठून आणायचं?

पुण्यात बिजागऱ्या, मुठी, चॅनेल रविवार पेठेतल्या बोहरी आळीत, प्लाय आणि सनमायका भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये. मुंबईत विजेच्या सामानाला लोहार चाळ. मापं कागदावर इंचांत आणि मिलिमीटरमध्ये दोन्ही लिहून न्या. बारीकसारीक वायसर, टेप मात्र घराजवळच्या हार्डवेअरवाल्याकडून घ्या, ते चुकले की बदलायला तोच सोपा.

काम चालू असताना स्वयंपाक कुठे केला?

हॉलमध्ये, इंडक्शनवर. आमचा देव्हारा स्वयंपाकघरात होता. पहिल्या दिवशी सकाळी सासूबाईंनी देव हॉलमधल्या चौरंगावर नेले, मग बाकीचं हलवलं. निरांजनाची काजळी इतकी वर्षं त्या कोपऱ्यातल्या छतावर बसली होती, म्हणून आता देव हॉलमध्येच ठेवलेत. मसाले, मीठ, चहा-साखर, चार ताटं आणि एक कुकर एवढंच बाहेर ठेवलं. तीन शनिवार-रविवार आणि मधल्या काही संध्याकाळी लागल्या. शेजारच्या काकूंनी दोनदा पिठलं-भाकरी पाठवली. तुम्हाला असं कोणी विचारलं तर नाही म्हणू नका, धुळीच्या दिवशी गरम जेवणाइतकं दुसरं काही लागत नाही.

झुरळं परत येतील का?

त्यांची ये-जा पाइप भिंतीत शिरतो तिथल्या भोकांतून होते. ती भोकं व्हाइट सिमेंटनं बुजवा, कपाटाच्या मागच्या सांदी सिलिकॉननं भरा आणि बिजागऱ्यांजवळ झुरळांच्या जेलचे ठिपके द्या. जेल असताना फवारा मारू नका, फवाऱ्याच्या वासानं ती जेलकडे फिरकत नाहीत.

उरलेल्या रंगाचं काय करायचं?

जॅमच्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा, हवा कमी राहिली की तो वर्षभर तरी टिकतो. बरणीवर रंगाचं नाव, शेड नंबर, भिंत आणि तारीख लिहा. आमची बरणी सिंकखाली आहे, सोबत अर्धा इंची ब्रश. कुकरची शिट्टी उडून आमटीचे शिंतोडे गेले, तेवढ्या जागेला दहा मिनिटांत हात मारता आला.